नावाखालची जागा

बायको गेली ती थंडीत, पण ती गेली हे त्याला कळलं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी, न्हाव्याच्या खुर्चीत. गालांवर फेस होता, मान मागे टाकलेली होती, आणि आरशाजवळच्या फळीवरचा रेडिओ खेळांच्या बातम्या सांगत होता. बातमी लहानशीच होती. बगळा आता आपल्या देशाकडून सायकल चालवणार. कागदपत्रं झाली, शपथ झाली, यंदा घाटाच्या शर्यतीत तो आपला म्हणून उतरणार. हे ऐकलं आणि त्याच्या मनात आलं, घरी जाऊन हिला सांगायला पाहिजे. ती हातातलं पातेलं ओट्यावर कशी आपटेल तेही त्याला ऐकू आलं आणि तो खुर्चीतून उठायलाच लागला. "अहो, अहो! वस्तरा आहे हातात," न्हावी ओरडला. गालाला चिरलं होतं. "अर्ध्या दाढीनं निघालात कुठं?" तो परत बसला. खरंच, कुठं निघालो होतो? हॉस्पिटलात तिचं अंग गार लागलं तेव्हा त्याला कळलं नव्हतं. तिचे कोट शेजारणीला देऊन टाकले तेव्हाही तो माणसासारखा बोलत होता, गुंड्या तपासून देत होता. आता आरशात फेसानं भरलेलं, एका बाजूनं लाल होत चाललेलं तोंड बघताना त्याला कळलं की ही बातमी सांगायला घरी कोणी नाही. न्हाव्यानं तुरटी फिरवली. ती झोंबली तेव्हा डोळ्यांत पाणी यायला निमित्त मिळालं. "शेवटी आपलाच झाला म्हणायचा," न्हावी म्हणाला. "कोण?" "बगळा हो. दुसरं कोण?"

बगळा हे लोकांनी ठेवलेलं नाव. लांब मान, लांब पाय, आणि सायकलवर बसला की पाण्यात काहीतरी दिसल्यासारखा पुढे वाकलेला. तो घाटापलीकडच्या देशाचा, आणि बायकोही पलीकडचीच. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा चाळीतल्या बायका तिला तोंडावर ताई म्हणायच्या आणि पाठीमागे 'पलीकडची'. तिला दोन्ही ऐकू यायचं. ती शाळांचे आणि कारखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड बेतायची. खडूनं रेघ मारताना आकडे स्वतःच्या भाषेत मोजायची. भांडायची मात्र त्याच्या भाषेत. "तुमच्या भाषेत भांडलं की लवकर संपतं, मला शब्दच कमी येतात," असं म्हणायची. सायकलीचं वेड तिनं माहेराहून आणलं होतं. त्यालाही ते होतंच, पण त्याचं वेड साधं होतं. आपला माणूस पुढे असला की ओरडायचं, मागे पडला की शिव्या घालायच्या. आपला माणूस म्हणजे साहेब. साहेब हा या देशाचा सगळ्यांत मोठा सायकलपटू, आणि बगळा त्याच्याच संघात नोकरीला. संघ कुठल्या तरी कंपनीचा असतो, त्यात चार देशांची माणसं असतात. एक पुढारी, बाकीचे त्याच्यासाठी राबणारे. ते पुढे राहून वारा अंगावर घेतात, मागून पाणी आणून देतात, वेळ पडली तर आपलं चाकही काढून देतात. पण रस्त्याकडेला उभा असलेला माणूस कंपनी बघत नाही, देश बघतो. चाळीत सगळे साहेबाचे होते. बगळ्याचं माणूस एकच होतं आणि ते याच्या घरात राहत होतं.

दरवर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी दोघं बसनं घाटात जायची, खालच्या थांब्यावर उतरून वर चालत जायची, आणि एका सरळ चढावर डांबरावर बगळ्याचं नाव लिहायची. नावं सगळेच लिहितात, पण बहुतेक लोक बादलीत ब्रश बुडवून हात फिरेल तसं लिहितात. तिनं रेक्झिनचे साचे कापले होते. अक्षरं उंचच्या उंच, घरात जमिनीवर पसरली तर ओळखू येऊ नयेत इतकी ताणलेली. "सायकलवरून बघणाऱ्याला रस्ता आडवा दिसतो. लांब काढलं तरच नीट वाचता येतं," तिनं पहिल्यांदा समजावून सांगितलं होतं. त्यानं साचा धरायचा आणि रोलर फिरवायचा. ती खाली जाऊन, ज्या बाजूनं सायकली येणार तिथं उभी राहायची आणि ओरडायची, "डावीकडे! अहो, तुमचं डावं! जेवायचा हात नव्हे तो!" नाव झालं की त्याच्याखाली दुसऱ्या गुंडाळीतल्या साच्यांनी तिच्या देशाचं नाव. ते लिहिताना तो जरा घाई करायचा. येणारेजाणारे बघायचे. तिला हे कळत होतं की नाही कोण जाणे. ती त्या वेळी मुद्दाम लांब जाऊन उभी राहायची, म्हणजे लिहिणारा एकटा तोच दिसावा. आणि तिच्या अंगात असायची त्याच्या देशाच्या रंगांची जर्सी. तिला इथलं नागरिकत्व मिळालं त्या संध्याकाळी त्यानं ती हौसेनं आणली होती. तिनं ती उलटीसुलटी करून शिवण बघितली, म्हणाली, "रंगकामाला बरी आहे." तो हसला होता. चांगला खळखळून हसला होता. त्या दिवशी ती दुपारी कचेरीतून आली, चप्पल काढली आणि थेट मोरीत जाऊन बराच वेळ पाय धूत राहिली. काय झालं, कसं झालं, त्यानं विचारलं नव्हतं. झालं म्हणजे चांगलंच झालं, असं त्याला वाटलं होतं.

तो बाटल्यांच्या कारखान्यात होता. उजेडाच्या पांढऱ्या पडद्यासमोर बसायचं आणि समोरून सरकणाऱ्या बाटल्यांतली तडकलेली हेरून बाजूला काढायची. नवीन माणूस एकेक बाटली बघतो आणि तासाभरात डोळे चोळायला लागतो. सरावलेला माणूस काहीच बघत नाही, नुसत्या जाऊ देतो, आणि तडा आपोआप डोळ्याला टोचतो. न्हाव्याकडून तो कामावर गेला आणि बाटल्या जाऊ देत बसला. त्याला वाटलं, इतकी वर्षं मी घरात असाच बसलो होतो. सगळं सरकत गेलं आणि एवढी सवय असून मला टोचलं काहीच नाही. की तडा नव्हताच? हेच त्याला धड ठरवता येईना. बगळ्यानं रेडिओवर दोन वाक्यं सांगितली होती. बायको इथली आहे, मुलं इथल्या शाळेत जातात. माणूस किती साधं बोलून मोकळा होतो. हिनं तर तेवढंही कधी सांगितलं नव्हतं. पडद्याच्या उजेडात एक बाटली तिरकी आली, तिच्यामागे चार अडकल्या, आणि पट्टा थांबवून मुकादम म्हणाला, "काय हो, झोपलात का उघड्या डोळ्यांनी?"

संध्याकाळी मेहुण्याचा पलीकडून फोन आला. तो बायकोचा धाकटा भाऊ, तिकडे घाटाच्या पायथ्याशी टायरचं दुकान चालवतो, आणि त्याला यांची भाषा मोडकीतोडकी येते. "भावजी, ऐकलंत? विकला गेला बगळा. आमच्या गल्लीत त्याचं चित्र होतं भिंतीवर, पोरांनी शेण फासलं," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "यंदा त्याचं नाव लिहायचं नाही, भावजी. ताई असती तर थुंकली असती." तो म्हणाला, "हं." ताईनं काय केलं असतं हे भावाला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. फोन ठेवतो तोच दार वाजलं. चौकातला औषधवाला. साहेबाच्या चाहत्यांच्या मंडळाचा तोच कर्ताधर्ता. अंगानं आडवा, मनानं मोकळा, आणि हिच्या आजारात अर्ध्या औषधांचे पैसे न घेणारा. "काय राव, तोंड गोड करायचं सोडून बसलात असे?" तो आत येत म्हणाला. "यंदा घाटात बगळ्याचं नाव मंडळातर्फे. खाली आपल्या देशाचं नाव. वहिनींचे साचे द्या, तसले साचे साऱ्या घाटात कोणाकडे नाहीत." "मीच लिहिणार आहे," तो म्हणाला. "मग तर उत्तमच! पण खाली?" औषधवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताच्या वजनानं त्याला ते वर्ष आठवलं.

त्या वर्षी बगळा जिंकणार होता. घाटात तो एकटा पुढे आला होता, मागे कोणी दिसत नव्हतं, आणि बायको याच्या दंडाला नखं रोवून उभी होती. गर्दीतले लोक बगळ्याला म्हणत होते, परत जा पलीकडे. औषधवाल्यानं त्याच्या अंगावर बाटलीतलं पाणी फेकलं होतं, हसत हसत, गंमत म्हणून. आणि बगळा थांबला. कानातल्या यंत्रातून हुकूम आला होता, की मागे साहेबाचं चाक फुटलंय. आपल्याच नावाच्या जरा पुढे तो उतरला, पुढचं चाक काढलं आणि हातात धरून रस्त्याकडे बघत उभा राहिला. साहेब आला, चाक बसवलं, गेला. साहेब जिंकला. गर्दीबरोबर तोही ओरडला होता. घसा बसेपर्यंत ओरडला होता, आणि ओरडता ओरडता बघितलं तर दंडावर नखं नव्हती. ती पलीकडे बगळ्यापाशी उभी होती. चाक नसलेली सायकल त्यानं बगलेत धरली होती, तिनं त्याला पाणी दिलं, आपल्या भाषेत काहीतरी विचारलं, तो काहीतरी म्हणाला. "वहिनी, तुमचा माणूस कामाचा हं!" औषधवाला आनंदानं ओरडला होता. "आमचा माणूस कामाचाच असतो," ती म्हणाली. सगळे हसले, तोही. परतताना बसमध्ये त्यानं विचारलं, "काय बोललीस त्याच्याशी?" "विचारलं, घरची कशी आहेत." "मग?" "मग काय, बरी आहेत म्हणाला." आणि ती काचेला डोकं टेकून बसली. बस हादरली की डोकं काचेवर आपटत होतं, पण तिनं ते बाजूला घेतलं नाही.

हे सगळं एक वेळ बाजूला ठेवता आलं असतं. पण एक गोष्ट अशी होती की ती त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. आजार वाढला तसे तिच्या तोंडातून त्याच्या भाषेचे शब्द गळत गेले. आधी भाज्यांची नावं, मग वारांची, मग त्याला हाक मारायचं 'अहो'. नीट बोलत होती तेव्हा एवढं म्हणाली होती, "यंदा नाव लिहा हं. ळा मोठा काढा." पण शेवटच्या दोन दिवसांत ती फक्त स्वतःच्या भाषेत बोलत होती. एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. प्रश्नच होता, शेवटाला आवाज वर चढत होता, आणि डोळे त्याच्या तोंडावर. त्यानं नर्सला विचारलं, तिला येत नव्हतं. मेहुण्याला फोन लावायला हवा होता, पण ती त्याचं मनगट सोडेना. मग तो म्हणाला, "हो. हो गं. करतो." तिचा चेहरा सैल पडला. कपाळावरची आठी गेली, हात सुटला. त्याच्या 'हो'वर विसंबून ती निघून गेली. आणि आता त्या वाक्याचा एकही शब्द त्याला आठवत नव्हता. नुसती चाल राहिली होती डोक्यात, खाली, खाली आणि मग वर. कामावर, जिन्यात, आंघोळ करताना तो ती चाल तोंडातल्या तोंडात म्हणून बघायचा. कधी वाटायचं, मला तिकडे न्याल ना, असं असेल. कधी वाटायचं, मला इथंच ठेवाल ना. दोन्हीला तीच चाल बसायची. तिला इथंच पुरलं होतं, त्याच्या आईवडिलांशेजारी, कागदांवर ती इथलीच होती म्हणून. कदाचित पाणी मागितलं असेल. पाणी मागितलं असेल आणि मी नुसतं हो म्हणत बसलो असेन.

आदल्या दिवशी सुटी मिळाली नाही. म्हणून शर्यतीच्या दिवशीच, उजाडता उजाडता, तो पहिल्या बसनं निघाला. अंगात तिची जर्सी घातली होती. ती त्याला काखेत काचत होती. पाठीवर दोन्ही गुंडाळ्या, हातात रंगाचा डबा. खालच्या थांब्यावर लोखंडी कठडे लावत होते, बस थांबलीच नाही. ड्रायव्हरनं त्याला वर, पुढच्या वळणावर सोडलं. तो उतरून खाली चालत आला, ओळखीचा सरळ रस्ता दिसला, डबा ठेवला, साचे पसरले आणि कामाला लागला. बाजूला कोणी ओरडत नव्हतं. डावीकडे की उजवीकडे ते त्यालाच बघायचं होतं, गुडघ्यावर बसून, मग उठून, मग परत बसून. ब. ग. मग ळा, तो त्यानं साच्याबाहेर ब्रशनं वाढवून मोठा केला. कंबर मोडली होती पण अक्षरं सरळ आली होती, आणि किती महिन्यांनी त्याला जरा बरं वाटलं. कसं दिसतंय ते बघायला, ती नेहमी उभी राहायची त्या जागेकडे तो खाली उतरून गेला आणि वळला. नाव उलटं होतं. वरून चालत आला तो तसाच, खालच्या बाजूला तोंड करून त्यानं ते लिहिलं होतं. खालून चढत येणाऱ्या सायकलींना अक्षरांची डोकी आधी दिसणार होती आणि पाय मागे. रस्ता ओला पांढरा चमकत होता. पुसायला काही नव्हतं. तो तिथंच कडेच्या दगडावर बसला. एवढं एकच मागणं तिनं कळेल अशा भाषेत मागितलं होतं.

थोड्या वेळानं मंडळाची माणसं चढून आली, झेंडे, बादल्या, भोंगे घेऊन. औषधवाला सगळ्यांत मागे, धापा टाकत. त्यानं नाव बघितलं, मान वाकडी केली, आणखी वाकडी केली. "अहो, हे काय! बगळा काय डोक्यावर उभा राहून येणार आहे का?" सगळे हसले. मग औषधवाल्यानं त्याचं तोंड बघितलं. "जाऊ द्या हो. होतं असं. टीव्हीवाल्यांच्या हेलिकॉप्टरातनं सगळं सारखंच दिसतं. आणि वा, जर्सी घातलीत की! बरं केलंत. चला रे पोरांनो, खालची ओळ आपण लिहून टाकू." उलट्या नावाची खालची जागा वरच्या अंगाला होती. त्यांनी बादली तिकडे नेली. तो उठला, वर चढून गेला आणि त्या जागेवर जाऊन उभा राहिला. "इथं नको," तो म्हणाला. "अहो, तो आता आपलाच आहे," औषधवाला अगदी मायेनं म्हणाला. "वहिनीसुद्धा आपल्याच होत्या. होत्या की नाही?" त्याच्या पाठीवर दुसरी गुंडाळी होती, तिच्या देशाची. तीही त्यानं सोडली नाही. "माहीत नाही," तो म्हणाला. औषधवाल्यानं पोरांना हात केला, आणि ते बादली घेऊन पुढच्या वळणाकडे गेले.

मेहुणा आला तो वरून. रस्ता बंद झाल्यामुळे गाडी सीमेवर सोडून चालत उतरला होता. नंतरच्या फोनवर येणार नाही म्हणाला होता, पण आला होता. वळणावरून तो दिसला, झपझप येत होता, आणि मग नावाजवळ येता येता त्याची चाल मंदावली. त्याला नाव सुलटं दिसत होतं. पलीकडून इकडे येणाऱ्याला वाचता येईल असं, उंच, स्वच्छ, मोठ्या ळासकट. दोन्ही हातांनी त्यानं भावजींचे खांदे धरले आणि कपाळ त्यांच्या छातीला, त्या रंग सांडलेल्या जर्सीला टेकवलं. "आमच्या बाजूनं लिहिलंत," तो म्हणाला. "त्याला शिव्या देत आलो सगळा रस्ता. आणि तुम्ही... ताईसाठी मुद्दाम केलंत ना हे? मुद्दाम ना?" खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. "हो," तो म्हणाला. आणि ते उच्चारलं तेव्हाच त्याला कळलं की हा तोच 'हो' आहे, तसाच, समजल्याशिवाय दिलेला, आणि याही चेहऱ्यावरची आठी तशीच विरून गेली. त्यानं मेहुण्याचा दंड धरला. "एक ऐक. ती शेवटी काहीतरी विचारत होती. तुमच्या भाषेत. मला शब्द येत नाहीत, नुसतं असं होतं बघ." आणि भर रस्त्यात, दोन्ही बाजूंना माणसं उभी असताना, त्यानं ती चाल तोंडानं काढून दाखवली. खाली, खाली आणि मग वर. पुन्हा काढली. मेहुणा डोळे बारीक करून ऐकत राहिला, ओठ हलवून बघत राहिला. "पुन्हा म्हणा, भावजी." त्यानं पुन्हा म्हटली. आता ती त्यालाच वेगळी लागली. मेहुण्यानं मान हलवली. "असं तर आमच्याकडे कुठलंही वाक्य असतं."

खालून शिट्ट्या ऐकू आल्या, मोटारसायकली आल्या, आणि पोलिसानं दोघांना दोरीमागे लोटलं. सायकली आल्या आणि गेल्या. बगळा मधे कुठंतरी होता, बाहीवर नव्या देशाचे रंग लावून, मान पुढे घातलेली, साहेबासाठी वारा अंगावर घेत. आपल्या नावावरून तो खाली न बघता गेला. नंतर लोक घाट उतरले, मेहुणा वर गेला. नाव रस्त्यावर आहे. त्याच्याखालची जागा कोरी आहे. दोन्ही गुंडाळ्या त्याच्या घरी कपाटावर आहेत. आणि तिनं जे मागितलं होतं, ज्याला तो हो म्हणाला होता, ते अजून करायचं राहिलं आहे.